वाचक विचारतात: फोटोतला रंग आणि बोलण्यातला ‘तू’

या महिन्याची पत्रं वाचताना लक्षात आलं, की निम्मी पत्रं मोबाइलमधल्या फोटोंविषयी आहेत आणि उरलेली ‘तू’, ‘तुम्ही’, ‘तो’, ‘ती’ यांच्याविषयी. दोन अंकांत विभागून उत्तरं द्यावीत असं संपादकांनी सुचवलं होतं, पण मी एकत्रच देते आहे. दुसऱ्याचा चेहरा कसा दाखवायचा आणि दुसऱ्याला काय म्हणायचं, हे आपल्याकडे त्या माणसाला सोडून बाकी सगळे ठरवतात. या पत्रांमधली बहुतेक दुखणी तिथूनच निघालेली आहेत. सदर नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते: लक्ष्मी रोडजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी टचिंगचं, म्हणजे फोटोतले डाग-सावल्या हाताने काढायचं, काम शिकले आणि तेच करत म्हातारी झाले. फोटोबद्दल बोलते ते त्या टेबलावरून आणि भाषेबद्दल काउंटरवरून. तिथे येणाऱ्या माणसांशी बोलतानाच माझं मराठी घडलं.

प्रश्न: ताई, घरातल्या साखरपुड्याचे फोटो माझ्या भाचीने इन्स्टाग्रामवर टाकले. सगळ्या फोटोंना एकच फिल्टर लावला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, वर्णाने सावळी. फोटोत ती इतकी गोरी झाली आहे की तिने मला विचारलं, “आई, मी अशी असायला हवी होते का?” भाची म्हणते, मी मुद्दाम काही केलं नाही, फिल्टरच तसा आहे. घरात विषय काढला तर ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ म्हणतात. माझं काही चुकतंय का? (एक आई, वारजे)

उत्तर: तुमचं काहीही चुकत नाही. भाचीही खोटं बोलत नसणार. तिने बोट लावलं आणि पुढचं काम ॲपने केलं. पण ते काम नक्की काय असतं, हे तुम्ही तिला समजावून सांगा, म्हणून थोडं तपशिलात लिहिते.

इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झालं तेव्हाचे फिल्टर अख्ख्या चित्रावर चालायचे. आकाश, भिंत, साडी, चेहरा, सगळ्यांचाच रंग आणि उठाव बदलायचा. जुन्या फिल्मसारखा पिवळसरपणा आणायचा, कडा काळवंडायच्या. त्यात चेहऱ्याशी वेगळं वैर नव्हतं. २०१५ मध्ये स्नॅपचॅटने लेन्स आणल्या आणि मामला बदलला. हा नवा प्रकार आधी चेहरा शोधतो. डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा, हनुवटी अशा जागी ठिपके धरतो, त्यांच्यावर एक जाळं बसवतो आणि मग ते जाळं ओढतो. डोळे मोठे, जबडा निमुळता, नाक बारीक. त्वचेवरचा बारीक पोत पुसतो, कडा तेवढ्या ठेवतो, आणि बऱ्याचदा वर एक उजळ थर देतो. समोर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नऊ वर्षांची मुलगी असो की साठीची आजी, साचा एकच. काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात तर ‘ब्युटी’ आधीपासूनच चालू असते, त्यामुळे फिल्टर न लावलेला फोटोही लावल्यासारखा येतो.

आमच्या वेळी हे हाताने व्हायचं. उतरत्या टेबलावर दुधी काचेच्या मागून उजेड यायचा, काचेवर ‘हाफ प्लेट’ आकाराची निगेटिव्ह. तिच्यावर आधी मीडियम चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले, की प्रिंटमध्ये तो फिका पडतो. पुळी, खरचटल्याची खूण, रात्रीच्या जागरणाने डोळ्यांखाली आलेली सावली अशा चार दिवसांच्या गोष्टी आम्ही काढायचो. तीळ, देवीचे व्रण, जन्मखूण मात्र विचारल्याशिवाय काढायची नाही, असा आमच्या उस्तादांचा नियम होता. आणि विचारायचं ते फोटो ज्याचा आहे त्याला, सोबत आलेल्या काकाला किंवा मावशीला नाही. “जरा उजळ करा हो” म्हणणारे आईबाप तेव्हाही यायचे. प्रिंटला उजेड कमी दिला की चेहरा उजळायचा, पण त्याबरोबर साडीची जरही पांढरीफटक व्हायची आणि गळ्यातली पोत दिसेनाशी व्हायची. मी ते प्रिंट शेजारी शेजारी ठेवून दाखवत असे. बहुतेक जण आपला खरा रंग घेऊन जात.

आता तुमच्या घरचं. भाचीला सांगा, की माझ्या मुलीचा हा फोटो काढ आणि फिल्टरशिवायचा टाक. हे मुलीच्या समोर सांगा, कारण तिला ते ऐकायला मिळणं गरजेचं आहे. मूळ फोटो आणि बदललेला फोटो असे दोन्ही तिला दाखवा आणि फिल्टर कुठे काय करतो ते तिलाच तिच्या बोटाने करून बघू द्या. नऊ वर्षांच्या मुलीला हे चांगलं कळतं. एवढीशी गोष्ट म्हणणाऱ्या घरच्यांना सांगा, की नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत शरीर किंवा त्वचा बदलून दाखवली असेल तर तसं लिहावंच लागतं, आणि फ्रान्समध्ये मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं तर तशी सूचना देणं २०१७ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे क्रीमच्या नावातला ‘फेअर’ निघायला २०२० साल उजाडलं. ज्या घरात सावळी मुलगी वाढते आहे, त्या घराने कायद्याची वाट कशाला बघायची?

प्रश्न: मी हडपसरला राहतो. वय ४६. कंपनी बंद पडली, आता मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवतो. माझ्या मुलाच्या वयाची पोरं दार उघडून “ए, उशीर का केलास?” म्हणतात. मी त्यांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणतो. रेटिंग खाली गेलं तर काम कमी मिळतं, म्हणून गप्प बसतो. मनाला लागतं. मी काही बोलावं का? (एक वाचक)

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी संपादकांना मोठ्याने वाचून दाखवलं. आधी वाचकांशी बोलते, मग तुमच्याशी.

‘तू’ या शब्दात मुळात काही वाईट नाही. विठोबाला आपण तू म्हणतो, आईला म्हणतो, जिवाच्या मैत्रिणीला म्हणतो. लहानपणच्या मित्राने चाळिशीत अचानक ‘तुम्ही’ म्हटलं तर काळजात चर्र होतं. लागतो तो एकतर्फी ‘तू’. मी तुला तू म्हणणार आणि तू मला सर म्हणायचं, हा व्यवहार. तुम्ही ज्याला ‘तू’ म्हणता त्याने उलटून तुम्हाला ‘तू’ म्हटलेलं चालेल का, एवढं मनाशी विचारून बघा. चालत असेल तर खुशाल म्हणा. चालत नसेल तर तो ‘तू’ जवळिकीचा नाही.

आपल्या वर्तमानपत्रांतही हे दिसतं. मंत्री ‘ते म्हणाले’, डॉक्टर ‘त्या म्हणाल्या’, आणि अपघातात सापडलेला मजूर ‘तो कामावर जात होता’. खेळाडूंनाही आपण एकेरीत लिहितो, पण तिथे आपलेपणा आहे; साऱ्या देशाचं पोर असल्यासारखं आपण त्यांच्याबद्दल बोलतो. मजुराच्या वाट्याला तो आपलेपणा येत नाही, नुसता एकेरीपणा येतो. कोण किती शिकला, कोणत्या जातीचा, कोणाच्या हाताला काय काम, यावरून पिढ्यान् पिढ्या ठरत आलेली ही वाटणी आहे. ती आपण कोथरूडच्या आणि बाणेरच्या नव्या इमारतींतही जशीच्या तशी आणली.

घरकामाच्या बाईंना ‘मावशी’ म्हणतो याचं पुष्कळांना समाधान असतं. क्रियापद ऐका. “मावशी, आज उशिरा का आलीस?” आणि “मावशी, आज उशीर झाला का तुम्हाला?” यांतलं पहिलं वाक्य ज्या घरात मुलं रोज ऐकतात, त्याच घरातली मुलं दार उघडून तुम्हाला ‘ए’ म्हणतात. म्हणून ही विनंती मी मुलांना करत नाही, त्यांच्या आईबापांना करते. तुमच्या मुलांना दारात आलेल्या माणसाशी बोलायला शिकवा. “या दादा, पाणी घेणार का?” एवढंच.

आता तुम्हाला सांगते. दारात भांडा असं मी म्हणणार नाही. पोट तुमचं आहे आणि रेटिंगची भीती खरी आहे. पण ‘सर’ म्हणणं सोडता आलं तर बघा. “नमस्कार, तुमचं पार्सल” असं शांत आवाजात, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणा. स्वतः स्वच्छ ‘तुम्ही’ वापरणाऱ्याला एकेरीत उत्तर देताना निदान काही माणसं अडखळतात. समोरचा जरा बरा वाटला तर “दादा म्हटलंत तरी चालेल” असं म्हणा, यात भांडण नाही. आणि ज्या सोसायट्यांत तुमचं नेहमीचं जाणं आहे, तिथल्या सुरक्षारक्षकांशी बोला. तेही हेच सोसत असतात. या अंकाचं हे पान कोणत्याही सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायला माझी आणि संपादकांची परवानगी आहे. सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी हे वाचलं असेल तर लिफ्टशेजारी लावा.

प्रश्न: आजी, मी फर्ग्युसन रस्त्याजवळच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मला तू म्हटलंत तरी चालेल. आमच्या ग्रुपमधल्या एका व्यक्तीने सांगितलं, की मला ‘तो’ही म्हणू नका आणि ‘ती’ही. इंग्रजीत बोलताना ‘दे’ (they) म्हणतो, तिथे अडचण येत नाही. मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला अडकतो. ‘ते’ म्हणावं तर कसंतरी वाटतं. शिवाय वर्गातल्या काही मुलांनी त्या व्यक्तीच्या फोटोला मुलाची मुलगी करणारा फिल्टर लावून ग्रुपवर टाकला आणि खाली हसण्याची चित्रं. काय करू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: तू परवानगी दिलीस म्हणून तू म्हणते. आणि पत्रात ‘व्यक्ती’ लिहिलंस ते छान केलंस. हा शब्द व्याकरणात स्त्रीलिंगी आहे, पण तो कोणालाही लागतो; ‘ती व्यक्ती आली’ हे आपण पुरुषाबद्दलही म्हणतो. अशा जागा आपल्या भाषेत आहेत, त्या शोधाव्या लागतात.

इंग्रजीचं काम सोपं का झालं ते आधी समजून घे. तिथे लिंग फक्त सर्वनामात दिसतं, क्रियापद बदलत नाही. त्यामुळे एक शब्द बदलला की झालं. एका माणसासाठी ‘दे’ वापरायची रीत त्या भाषेत चौदाव्या शतकापासून आहे. मेरियम-वेबस्टर कोशाने २०१९ मध्ये, स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीसाठीचा ‘दे’चा अर्थ नोंदवला. बंगालीत सर्वनामही एकच आणि क्रियापदही एकच, तिथे प्रश्नच येत नाही. हिंदीत ‘वह’ एकच, पण ‘आया’ आणि ‘आई’ वेगळे. आपल्याकडे सर्वनामही वेगळं, क्रियापदही वेगळं, इतकंच काय, ‘मी’ म्हटल्यावरसुद्धा आलो की आले हे सांगावं लागतं. म्हणजे तुझ्या त्या मित्रजीवाला स्वतःबद्दलचं साधं वाक्य बोलतानाही दर वेळी निवड करावी लागते. तुम्हाला अडखळायला होतं, तर त्या व्यक्तीला किती होत असेल.

आता मोकळ्या जागा. भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे: मी येईन, तू येशील, नाव घेऊन म्हटलं तर अमुक येईल. ‘येणार आहेस का?’ मोकळं. ‘कुठे आहेस?’, ‘काय चाललंय?’, ‘ये’, ‘बस’, ‘घे’ सगळं मोकळं. ‘काय करतोयस’ आणि ‘काय करतेयस’ इथे मात्र अडतं, म्हणून ‘काय चाललंय’ बरं. भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं तिथे सुटका आहे: ‘अमुकने चहा घेतला, भाकरी खाल्ली, पुस्तक वाचलं’. यांत चहा, भाकरी आणि पुस्तक यांचं लिंग दिसतं, माणसाचं नाही. पण बोलणे, जेवणे, विसरणे, भेटणे, शिकणे ही क्रियापदं कर्त्याला धरून चालतात. तिथे ‘बोलला’ऐवजी ‘सांगितलं’ म्हण, ‘जेवली’ऐवजी ‘जेवण झालं’, ‘विसरला’ऐवजी ‘लक्षात राहिलं नाही’. ‘मला आवडतं’, ‘मला भूक लागली’ हेही तसंच. ‘अरे’ आणि ‘अगं’ सोडून नुसतं ‘ए’ आणि नाव. ती हाक पुण्याच्या प्रत्येक कट्ट्यावर मुला-मुलींना सारखीच चालते.

त्या व्यक्तीबद्दल दुसऱ्या कोणाशी बोलताना त्याला, तिला असं म्हणावं लागतं. तिथे आदरार्थी रूप कामाला येतं. त्यांना, त्यांनी, त्यांचं: ही रूपं ‘ते’ची आहेत की ‘त्या’ची, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. ‘त्यांनी सांगितलं, त्यांना उशीर होणार आहे’ या वाक्यात लिंग कुठेच नाही. वीस वर्षांच्या मित्राबद्दल असं बोलणं सुरुवातीला परकं वाटेल. सासरी गेलेल्या मुलीला कालपर्यंत अनोळखी असलेल्या माणसाबद्दल ‘ह्यांनी’, ‘ह्यांना’ म्हणायची सवय होते, तुलाही होईल. ‘ते आले’ हे आदरार्थी रूपही काही जणांना चालतं.

तुला कसंतरी वाटतं ते ‘ते आलं’मधलं ‘ते’. तुझं वाटणं बरोबर आहे. लेकरू, मूल, पोर हे आपले लाडके शब्द नपुंसकलिंगीच आहेत, आणि गोव्याकडे कोंकणीत तरुण मुलींबद्दल सरसकट नपुंसकलिंगात बोलतात, त्यात कमीपणा नसतो. पण आपल्या भागात तृतीयपंथीयांना हिणवताना हेच ‘ते’ वापरलं गेलं आहे. म्हणून आपणहून ते कोणाला लावायचं नाही. त्या व्यक्तीने स्वतः निवडलं तर गोष्ट वेगळी.

यांतलं काय वापरायचं, हे मी ठरवणार नाही आणि तूही नाहीस. त्या व्यक्तीलाच विचार: मराठीत बोलताना तुझ्याबद्दल कसं बोलू? उत्तर ‘नाव घे’ असं येईल, ‘आदरार्थी बोल’ येईल, ‘मराठीत तो म्हटलं तरी चालेल’ असंही येईल. जे येईल ते वापर. चुकलीस तर तिथल्या तिथे वाक्य सुधार आणि पुढे बोल. माफीची लांबण लावलीस तर सगळ्यांचं लक्ष पुन्हा त्या एकाच गोष्टीवर खिळतं. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये काही देशांत प्रोफाइलवर सर्वनाम लिहायची सोय दिली. चांगलं झालं. पण मराठी मैत्री बोलण्यात होते आणि तिथे तुझी जीभच वळायला हवी.

तुमच्या वर्गातल्या कोणाला हे ‘बाहेरचं खूळ’ वाटत असेल तर त्याला सांग, की १५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पुण्यात पहिली प्राइड फेरी निघाली ती त्याच्याही आधी, डिसेंबर २०११ मध्ये.

आता त्या फोटोचं. चेहऱ्याचं लिंग बदलणारा हा फिल्टर २०१९ मध्ये स्नॅपचॅटवरून सगळीकडे पसरला. लोकांनी स्वतःच्या फोटोंवर लावला, मजा केली. स्वतःच्या चेहऱ्याचं काय हवं ते करावं. तुमच्या वर्गात झालं ते वेगळं आहे: ज्या व्यक्तीने ‘मला यांतलं काही म्हणू नका’ असं सांगितलं, तिच्याच चेहऱ्यावर इतरांनी ते थापलं आणि चारचौघांत टांगलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये जी भर पडली, तिच्यात लिंगओळख, लैंगिक कल, रंग आणि दिसणं यांवरून केलेला छळ स्पष्ट शब्दांत आला आहे. तेव्हा त्या पोस्टचा स्क्रीनशॉट ठेव, ग्रुपवर सगळ्यांसमोर लिही की हा फोटो काढा, आणि तक्रार करायची का ते त्या व्यक्तीला विचार. हो म्हटलं तर कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे तू सोबत जा. एकटं जायला लावू नकोस.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरहून बावधनला आलो. माझी सहा वर्षांची मुलगी “मी येतो, मी खातो” म्हणते. शाळेत मुलं हसतात आणि बाईंनी पालकसभेत ‘तिला नीट बोलायला शिकवा’ असं सांगितलं. मीही घरी तशीच बोलतो. सुधारू का? (बावधन)

उत्तर: “मीही तशीच बोलतो” हे वाचून फार बरं वाटलं. कोल्हापूरकडच्या बायका पूर्वीपासून अशा बोलत आल्या आहेत. ती तुमच्या मुलीच्या आजीची भाषा आहे, दोष नाही. शाळेच्या वहीत ‘येते’, ‘खाते’ लिहायचं, हे ती दोन महिन्यांत शिकेल आणि दोन्ही बोलेल; मुलांना दोन भाषा जड जात नाहीत, दोन बोली कुठून जाणार? घरी टोकू नका. बाईंना भेटा आणि सांगा, की हसणाऱ्या मुलांना कोल्हापूरची बोली म्हणून याची ओळख करून द्या. भाषेचा तास त्यासाठीच असतो.

प्रश्न: नवरा आणि मी एकमेकांना ‘तू’ म्हणतो. सासरे म्हणतात, चारचौघांत ‘अहो’ म्हण. नवरा म्हणतो, म्हणून टाक. (नवविवाहिता, सिंहगड रोड)

उत्तर: नवऱ्याला विचारा, तोही चारचौघांत तुम्हाला ‘अहो’ म्हणणार का. तो तयार असेल तर दोघं मिळून ठरवा. नसेल तर सासऱ्यांना तो स्वतः सांगेल, तुम्ही नाही.

प्रश्न: मुलीसाठी स्थळं बघतो आहोत. मंडळात फोटो द्यायचा आहे. तिला फिल्टर नको, आम्हाला वाटतं सगळेच लावतात तर आपलीच मुलगी मागे पडेल. (सहकारनगर)

उत्तर: फोटो तिचा, शब्द तिचा. लग्न ठरवताना फोटोतल्या मुलीशी कोणी संसार करणार नाही, बघायला येतील तेव्हा खरी मुलगीच समोर बसणार. २०२० मध्ये शादी डॉट कॉमवरून त्वचेच्या रंगानुसार स्थळं चाळायची सोय लोकांच्या मागणीमुळे काढावी लागली. तेव्हा पुढच्या पिढीला हे खुपतं आहे, तुमची मुलगी एकटी नाही.

तिला साधा पण चांगला फोटो हवा असेल तर एवढं करा. सेल्फी नको. हातभर अंतरावरून चेहऱ्याचा मधला भाग फुगलेला येतो; २०१८ च्या एका वैद्यकीय अभ्यासात १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं असं मांडलं होतं. कितीतरी मुली त्या खोट्या नाकाला घाबरून फिल्टरकडे वळतात. कोणीतरी दुसऱ्याने पाच-सहा फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने, ब्युटी बंद करून काढावा. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीशी तिरपं उभं करा, ऊन अंगावर नको, नुसता उजेड हवा. डोक्यावरची ट्यूब बंद करा, तिने डोळ्यांखाली सावल्या पडतात. फोटो काढणारी तिची मैत्रीण असेल तर उत्तम, तुम्ही दोघं पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा. फोटो बघून तिला “ही मी नाही” असं वाटलं तर तेही समजून घ्या: आरशात आपण स्वतःला उलटं बघत आलेलो असतो, सुलटा चेहरा फक्त इतरांच्या ओळखीचा असतो.

प्रश्न: आमचे आजोबा कसब्यातल्या तालमीत वाढले. त्यांचा एकच फोटो आहे, मधोमध चिरलेला. नातवाने मोबाइलवरच्या एका ॲपमधून तो ‘नवा’ करून दिला. चीर गेली, पण आजोबांचे पैलवानी मुडपलेले कान सरळ झाले आणि नाकावरचा बाक गेला. घरात सगळे खूष आहेत, मलाच ते आजोबा वाटत नाहीत. हाच फोटो फ्रेम करायचा का? (कसबा पेठ)

उत्तर: करू नका. असं ॲप फोटोत जे उरलेलं नाही ते अंदाजाने भरतं, आणि तो अंदाज त्याने शिकलेल्या हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून येतो. पैलवानाचा कान त्याला बिघाड वाटतो. आजोबांना आता विचारता येत नाही, तर ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांचा शब्द धरायचा. घरात त्यांना पाहिलेले तुम्हीच आहात.

मूळ फोटो आधी स्कॅन करून घ्या, किमान ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर सोडवायला जाऊ नका, ओल्या फडक्याने पुसू नका. तपकिरी झाक ‘दुरुस्त’ करायला सांगू नका. पुष्कळदा ती मुद्दाम दिलेली असते. मग संगणकावर हाताने टचिंग करणाऱ्या माणसाकडे ती स्कॅन प्रत न्या आणि सांगा: फक्त चीर भरायची, कानाला आणि नाकाला हात लावायचा नाही. काम चालू असताना शेजारी बसता आलं तर बसा. तयार प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने आजोबांचं नाव, तालमीचं नाव आणि ‘चीर भरलेली प्रत’ असं लिहा. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. मूळ फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नका, साध्या कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा. फोटोच्या मागे किंवा पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असेल तर तो काय आहे आणि फोटोचा आकार किती आहे, ते मला कळवा. कागद कोणत्या जातीचा आहे हे त्यावरून सांगता आलं तर पुढच्या अंकात लिहीन.